मेळघाटची वाट अवघडच असावी

मेळघाट पाहून आलेल्या माणसाकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : जंगल सुंदर आहे, पण दिसले काहीच नाही. ‘काही’ म्हणजे वाघ, हे वेगळे सांगावे लागत नाही. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला ताडोबा आहे. तिथे तळी आहेत, मोकळे गवताळ पट्टे आहेत, आणि रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या वाघाची छायाचित्रे रोज मोबाइलवर फिरत असतात. त्याच राज्यातल्या, व्याघ्र प्रकल्प म्हणून ताडोबापेक्षा जुन्या आणि विस्ताराने मोठ्या अरण्यात दोन दिवस घालवून सांबराच्या पाठमोऱ्या दर्शनावर समाधान मानावे लागले, की माणूस हिरमुसणारच. मग सूचना येतात : आतले रस्ते वाढवा, पाणवठे रस्त्याजवळ आणा, जास्त गाड्या सोडा. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मेळघाटात प्राणी सहज का दिसत नाहीत आणि मेळघाटात प्राणी अजून का आहेत, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे : डोंगर. ज्या चढउतारांनी वाघ नजरेआड ठेवला, त्यांनीच तो आजवर राखला. म्हणून इथली भेट सोपी करण्याचा प्रत्येक प्रस्ताव संशयाने तपासला पाहिजे, आणि बदलायचेच असेल तर पाहुण्याने आपली पाहण्याची रीत बदलली पाहिजे. या म्हणण्यावर घेता येतील असे आक्षेप हलके नाहीत. त्यातला एक तर फार गंभीर आहे. पण आधी डोंगराकडे पाहू.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची जी दक्षिणेकडची शाखा आहे तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. उत्तरेला तापीचे खोरे, दक्षिणेला पूर्णेचे सपाट वऱ्हाड, आणि मधे हा उंचवटा. तापीकडच्या बाजूला जमीन समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर असते. चिखलदऱ्याजवळचे वैराट ११७८ मीटरवर आहे. एवढा फरक थोड्या अंतरात सामावायचा म्हणजे जमिनीला घड्या पडणारच. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्यांनी बेसॉल्टचा हा थर चिरत तापीची वाट धरली आहे. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात, पण भेगाळलेल्या खडकात आणि तीव्र उतारावर पाणी टिकत नाही. उन्हाळ्याकडे धार तुटते आणि नदीच्या पात्रात फक्त डोह उरतात. एका टेकडीचा दक्षिणेकडे तोंड केलेला उतार दिवसभर ऊन खातो, उत्तरेकडचा सावलीत राहतो. त्यामुळे हाकेच्या अंतरावर झाडांची वस्ती बदलते. कोरड्या, दगडाळ धारेवर सालई उभी असते, उतारावर साग आणि धावडा, नाल्याच्या तळाशी अर्जुन, जांभूळ, आंबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचा साग निष्पर्ण होऊन गेलेला असतो तेव्हा खालच्या घळीत हिरवी सावली असते. नकाशावर व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २७०० चौरस किलोमीटर भरते, पण नकाशा हा सपाट कागद आहे. प्राण्याला प्रत्यक्षात मिळतात ती अशी हजारो छोटी घरे, प्रत्येकाचे ऊन, सावली आणि ओल निराळी. पानगळीच्या सागवानी जंगलात रानगव्यासारखा भरपूर चारा लागणारा प्राणी उन्हाळा काढू शकतो, तो या विविधतेच्या बळावर.

डोंगराने जंगल राखले, हे विधान इतिहासावर घासून पाहता येते. वऱ्हाडच्या सपाटीवर, म्हणजे गाविलगडच्या पायथ्यापासून दक्षिणेला, काळी कसदार जमीन आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, इकडे रेल्वे वऱ्हाडात पोचली, आणि नांगर चालेल तिथे पऱ्हाटी उभी राहिली. आज परतवाड्याकडून किंवा अकोटकडून निघाले तर शेते थेट डोंगराच्या पायाला भिडलेली दिसतात आणि घाट सुरू होतो तिथून झाड सुरू होते. ही सीमा कोणा वनाधिकाऱ्याने आखलेली नाही. बैलजोडीला चढ झेपेना तिथे ती आपोआप पडली. त्याआधीचा पुरावा लष्करी आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने १८०३ सालच्या १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. किल्ल्यावर मारा करण्याजोगी जागा उत्तरेच्या अंगाला होती. तिथवर अवजड तोफा नेण्यासाठी वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या फौजेला आधी डोंगरातून वाट तयार करावी लागली आणि मग त्या तोफा माणसांच्या हातांनी ओढाव्या लागल्या. डिसेंबरच्या ७ तारखेपासून १२ तारखेपर्यंत हेच काम चालले होते. गाविलगड आणि पश्चिमेचा नरनाळा हे दोन्ही मोठे किल्ले या डोंगरात का बांधले गेले, याचे उत्तर त्या सहा दिवसांत आहे. सैन्याला जे अवघड, ते कुऱ्हाडीलाही अवघड होते.

इथे एक दुरुस्ती मात्र आपणहून केली पाहिजे. मेळघाट हे कधीच न छेडलेले अरण्य आहे अशी समजूत पर्यटनाच्या पत्रकांतून पसरते, ती खरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमलाने इथला साग आपल्या ताब्यात घेतला, आखणी करून तोडीचे पट्टे म्हणजे कूप पाडले, मजुरांसाठी जंगलात गावे वसवली, आणि लाकूड खाली आणायला गाडीरस्ते काढले. स्वातंत्र्यानंतरही तोड चालू राहिली. आज सफारीची गाडी ज्यावरून जाते त्या अनेक वाटा मुळात लाकडाच्या वाटा आहेत. तेव्हा डोंगराने कुऱ्हाड थांबवली असे म्हणता येत नाही. त्याने ती महाग केली. एक सागाचा ओंडका घळीतून वर काढायला लागणारी मजुरी, बैल आणि दिवस यांचा हिशेब जिथे जुळला नाही तिथले झाड उभे राहिले. ही दुरुस्ती माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, उलट त्याला अधिक नेमके करते. दुर्गमता म्हणजे भिंत नव्हे, ती एक किंमत आहे, आणि प्रत्येक नवा रस्ता ती किंमत उतरवतो. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडले गेले, त्यात महाराष्ट्रातून मेळघाटची निवड झाली. पुढे १९८५ साली अभयारण्य आणि १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. कायद्याचे कवच आले ते असे अलीकडे. त्याच्या आधीचे राखणीचे काम चढाने केले होते.

आता न दिसण्याचे कारण. वाघाचा प्रदेश किती मोठा असतो हे त्याच्या सावजावर ठरते. तळ्याकाठच्या गवतावर चितळांचे कळप असतील तर थोड्या जागेत वाघाचे पोट भरते, आणि थोड्या जागेतले प्राणी वारंवार भेटतात. कोरड्या डोंगराळ सागवनात सावज विरळ, त्यामुळे वाघाला दूरवर फिरावे लागते. त्यातच नजर पोचण्याचे अंतर कमी. सपाट जंगलात रस्त्यापासून शंभर पावले आत दिसू शकते. इथे एका बाजूला कपार, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणापलीकडे पुन्हा वळण. सांबर, भेकर, चौसिंगा, अस्वल हे इथले रहिवासी दाटीत आणि बहुतेक एकेकटे वावरणारे. रानकुत्र्यांची टोळी असते, पण ती कोणत्या खोऱ्यात आहे हे तिलाच ठाऊक. थोडक्यात, मेळघाटात प्राणी दिसला नाही यावरून प्राण्यांच्या असण्याविषयी फार काही अनुमान काढता येत नाही. वाघांची मोजणी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते आणि माणसाला न दिसलेले वाघ त्यांच्या पट्ट्यांवरून एकेक ओळखले जातात, ते याच कारणाने.

न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, याचा सर्वांत मोठा दाखला मात्र वाघाचा नाही, एका ओंजळीएवढ्या पक्ष्याचा आहे. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्यानंतर खानदेशातून काही नमुने मिळाले आणि १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसा झाला. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची नोंद असलेला एक नमुना संग्रहालयात होता, पण तो चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून तयार केलेला निघाला. मायनर्टझहागेन या प्रतिष्ठित संग्राहकाची ही लबाडी होती, आणि तिच्यामुळे नंतरच्या शोधकांनी भलत्याच ठिकाणी पायपीट केली. खोटा पुरावा बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदी नीट वाचल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. मधे ११३ वर्षे गेली होती. पुढच्या पाहणीत मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे घर ठरले. आणि गंमत म्हणजे हा पिंगळा रात्रीचा नाही. उघड्या सागवनात दिवसाढवळ्या फांदीवर बसून तो सरडे आणि उंदीर टिपतो. तो लपला नव्हता. योग्य उतारावर, योग्य झाडाखाली, पुरेसा वेळ कोणी उभे राहिले नव्हते. मेळघाटला जाणाऱ्याने वाघाच्या छायाचित्रांआधी ही हकीकत वाचावी असे मला मनापासून वाटते, कारण वेगाने फिरणाऱ्या गाडीतून जे हाती लागत नाही त्याची ती सर्वांत स्वच्छ नोंद आहे.

भेटीचे माप ‘दिसला की नाही’ हेच राहिले तर व्यवस्थापनावर दोन गोष्टींचा दबाव येतो : रस्ते आणि पाणवठे. सपाटीवर रस्ता जमिनीवर टाकला जातो. डोंगरात तो जमिनीत कापावा लागतो. वरच्या अंगाचा उतार खणायचा, निघालेला मुरूम-दगड खालच्या अंगाला ढकलायचा. तो ढिगारा पहिल्या पावसात नाल्यात जातो आणि नाल्याने नदीत. उन्हाळ्यात ज्यांच्यावर सगळ्यांची तहान भागायची ते डोह याच गाळाने उथळ होतात. वरच्या उतारावरून सर्वत्र झिरपणारे पाणी रस्त्याकडेच्या चरात गोळा होऊन एका जागी कोसळते आणि तिथे नवी घळ पडते. रस्त्यावरचे छत फाटते; उडत्या खारीला झाडावरून झाडावर जायला जोड राहत नाही, आणि फटीतून आलेल्या उन्हात घाणेरी व तरोटा माजतात. जिथे घाणेरी दाटते तिथले गवत जाते, म्हणजे गव्याचा आणि सांबराचा घास जातो. याहून मोठी अडचण वाटेच्या आखणीत आहे. डोंगरात ये-जा करण्याजोग्या जागा मोजक्याच असतात : एखादी खिंड, एखादी नदीकाठची पट्टी. माणसाच्या रस्त्याला तीच जागा हवी, पाण्याला तीच, प्राण्यालाही तीच. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर–जबलपूर महामार्गाखाली प्राण्यांसाठी ठेवलेले मार्ग वाघासकट अनेक प्राणी वापरतात हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे, आणि तो उपाय स्वागतार्ह आहे. पण उंच खांबांवर सरळ उचललेला रस्ता ही मुख्यतः सपाटीची सोय आहे. वळणावळणाच्या घाटात त्यासाठी जेवढी खोदाई होईल तीच नवी जखम ठरेल.

यावर जाणकार म्हणतील की वाघ स्वतःच रस्त्याने चालतो. खरे आहे. पंजाला मऊ मातीची, काटे नसलेली वाट त्याला आवडते, आणि कॅमेरे म्हणूनच जंगलातल्या वाटांवर लावतात. पण वाघाला चालणारी वाट ही दिवसातून दोन-चार गाड्यांची, रात्री पूर्ण शांत असलेली कच्ची वाट आहे. डांबर पडले, वेग वाढला, रात्रीची वर्दळ आली की तीच वाट त्याला घातक होते. पाणवठ्यांचेही तसेच. उन्हाळ्यात टाकीत पाणी सोडणे काही ठिकाणी गरजेचे असते, विशेषतः डोह आटलेल्या खोऱ्यात आणि वणव्याच्या काळात. पण पाहुण्यांच्या सोयीसाठी रस्त्याकडेला बारमाही पाणी ठेवले की प्राणी तिथेच घोटाळतात, आसपासचे गवत मुळासकट संपते, आणि एरवी कोरड्या महिन्यांत विसावा मिळणाऱ्या उतारांना तो मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या जुलैत व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही काळ थांबवले आणि ऑक्टोबरात, नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर, पुन्हा खुले केले. त्या तत्त्वांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला द्यायचा. डोंगरात ही टक्केवारी क्षेत्रफळावर मोजणे पुरेसे नाही, कारण खिंडी आणि नदीकाठ मिळून क्षेत्रफळाने थोडे भरतात, पण सगळे जगणे त्यांच्यातून जाते.

आता तो गंभीर आक्षेप. मेळघाटात माणसे राहतात. प्रामुख्याने कोरकू, त्यांच्याबरोबर गवळी, निहाल, गोंड. याच मेळघाटचे नाव १९९०च्या दशकापासून बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांत राज्यभर पोचले. पावसाळ्यात नाला चढला की गाव तुटते, बाळंतपण अडले की दवाखाना दूर असतो. बैरागडसारख्या ठिकाणी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले, त्यासाठी त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. पण एका दाम्पत्याच्या निष्ठेवर आरोग्यव्यवस्था चालत नाही, तिला वाट लागतेच. मग दुर्गमतेचे गोडवे कोणी गायचे? ज्याला दोन रात्री काढून शहरात परत जायचे आहे त्याने, आणि तिची किंमत मोजायची ती कोरकू आईने? हा प्रश्न टाळून केलेला कोणताही निसर्गविचार मला मान्य नाही. माझे उत्तर असे की वाट कोणासाठी, हे आधी ठरवले पाहिजे. गावाला जोडणारा रस्ता, बारमाही पूल, वाहून जाणाऱ्या रपट्याच्या जागी पक्का रपटा, रुग्णवाहिका, वीज, मोबाइलचे मनोरे, या गोष्टींवर तिथल्या रहिवाशांचा इतर कोणत्याही नागरिकाइतकाच हक्क आहे. त्यात अडथळा आणण्यासाठी वाघाचे नाव वापरणे अन्यायाचे आहे, आणि त्याने वाघाचे शत्रूच वाढतात. पण परतवाडा–सेमाडोह–धारणी हा रस्ता जलद वाहतुकीसाठी रुंद करा, आत आणखी सफारीच्या वाटा काढा, दऱ्यांवर काचेचे पूल टांगा, या मागण्या त्या आईच्या नावाने पुढे येतात तेव्हा त्या तपासून पाहाव्यात. अरुंद, पण खड्डे नसलेला आणि पावसाळ्यात न तुटणारा रस्ता रुग्णाला पुरतो. रुंदी लागते ती बाहेरून येऊन बाहेर जाणाऱ्या गाड्यांना. बंडीपूरच्या जंगलातून जाणारी रात्रीची वाहतूक २००९ पासून बंद आहे आणि तिथेही रुग्णवाहिकांना मुभा आहे. म्हणजे दोन गरजा वेगळ्या करता येतात, हे आपल्या देशात करून झाले आहे.

अकोला–खंडवा रेल्वेचा वाद याच कसोटीवर उतरवून पाहावा. मीटरगेजची ही जुनी गाडी धुळघाटाच्या प्रसिद्ध वेटोळ्यातून चढत व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम भागातून जात असे. तिचे ब्रॉडगेज करायचे ठरले तेव्हा युक्तिवाद असा होता की लोहमार्ग तर आधीपासून आहेच, मग नव्याने काय बिघडणार? बिघडणार ते वेगाने आणि संख्येने. संथ चढणाऱ्या मोजक्या गाड्यांची जागा रात्रंदिवस धावणाऱ्या जड, वेगवान गाड्या घेणार, आणि त्यांच्यासाठी वळणे सरळ करायची तर डोंगर नव्याने कापावा लागणार. अभयारण्याला वळसा घालणारा पर्यायी मार्ग लांब होता, पण तो लोकवस्तीतून जाणारा होता. ज्यांना गाडी हवी अशी गावे त्याच बाजूला होती. तो मार्ग घ्यावा असा आग्रह राज्य सरकारने २०२० साली केंद्राकडे धरला. माणसांचे हित आणि अरण्याचे हित इथे एका बाजूला होते, फक्त ते नीट मांडावे लागले.

पुनर्वसनाचा विषय याहून नाजूक आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे २००१ नंतर गाभ्यातून बाहेर आली, पुढे वैराट, चुर्णी आणि इतर. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर गवत वाढले, आणि आज गवे व सांबर निवांत चरताना दिसण्याची शक्यता असेल तर ती बहुतेक याच कुरणांवर. म्हणजे मेळघाटात जे थोडे सहज दिसते, तेही कोणाच्या तरी घराच्या जागेवर दिसते. बाहेर आलेल्या सगळ्यांचे भले झाले असेही नाही; कबूल केलेली जमीन, पाणी, सोयी यांवरून २०१९ सालच्या जानेवारीत काही गावकरी परत जंगलात शिरले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. अशा कुरणापुढे गाडी थांबते तेव्हा मार्गदर्शकाने ते मूळ गाव कोणते, हे सांगायलाच हवे. ते ऐकणे भेटीचाच भाग आहे.

उरतो शिकारीचा मुद्दा. दुर्गमता शिकाऱ्याच्याही पथ्यावर पडते, पर्यटकांच्या गाड्या म्हणजे फिरती नजर, त्या गेल्या की चोराला रान मोकळे, असे म्हणतात. २०१३ साली मेळघाटातली वाघांची शिकार उघडकीला आली तेव्हा हा युक्तिवाद जोरात झाला. तो मला अर्धाच पटतो. डोंगर एकटा पुरत नाही, हे उघड आहे. पण राजस्थानात सरिस्का पर्यटकांनी गजबजलेले असतानाच तिथला शेवटचा वाघ संपला, आणि २००५ साली देशाला ते कळले. गाड्या जिथे जातात ती जंगलाची छोटी फीत असते आणि शिकारी ती टाळूनच सापळा लावतो. मेळघाटात उपयोगी पडते ती पायी गस्त : आतल्या संरक्षण कुटीत राहणारे, धार चढून घळ उतरणारे वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर, ज्यांच्यात स्थानिक कोरकू तरुण असतात. सापळ्याच्या तारेची चमक, परक्या चपलेचा ठसा, नको तिथे विझलेली चूल हे त्यांना दिसते. गाड्यांच्या फेऱ्यांतून मिळणारी ‘नजर’ वाढवण्यापेक्षा या माणसांचे पगार वेळेवर देणे, कुटीत पाणी आणि बिनतारी यंत्र असणे, यांतून राखण अधिक होते.

ज्यांना चालवत नाही त्यांचे काय, हाही रास्त प्रश्न आहे. अवघड वाट म्हणजे सगळ्यांनी कडे चढावेत असे मी म्हणत नाही. गाभ्यात पायी फिरायला तशी परवानगीही नसते. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर इथवर रस्ता आहे, तो पुरेसा आहे. कोलकासच्या विश्रामगृहापाशी सिपनेकाठी बसून सकाळ काढणाऱ्या वृद्धाला रस्त्यावर चाळीस किलोमीटर धूळ खाणाऱ्या तरुणापेक्षा जास्त दिसू शकते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसण्याचा उपक्रम पाहा. मोजणीचे शास्त्र म्हणून त्याचे महत्त्व आता उरले नाही, कॅमेऱ्यांनी ते काम घेतले. तरी तो टिकला आहे, कारण पाण्यावर एका जागी, न बोलता, पूर्ण रात्र थांबणे ही डोंगराळ जंगल पाहण्याची सर्वांत योग्य रीत आहे. तिला नवा रस्ता लागत नाही.

म्हणून मेळघाटच्या भेटीचा आराखडा अंतरावर नव्हे, वेळेवर बेतावा. एकाच खोऱ्यात किमान दोन रात्री राहावे. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी जावे, एप्रिल-मेमध्ये डोहांसाठी, आणि पाऊस ओसरल्यावर चिखलदऱ्याच्या पठारावर, जिथे विदर्भात एरवी न आढळणारी कॉफीही पिकते. गाभ्याबाहेरच्या बफर पट्ट्यातल्या निसर्गवाटांवर स्थानिक मार्गदर्शकाबरोबर चालावे आणि त्याला प्राणी दाखव म्हणण्याऐवजी उतार वाचून दाखव म्हणावे : सालई संपून साग कुठे लागला, मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे कोणत्या उंचीपर्यंत गेलेत, वानराने दिलेली हाक कोणत्या घळीकडे तोंड करून होती. त्याच्याकडे या ज्ञानाचा साठा पिढ्यांचा आहे, आणि गाडी पुढे दामटणाऱ्या पाहुण्यांपुढे तो बोलून दाखवायला त्याला उसंतच मिळत नाही. व्यवस्थापनाला एक सुचवावेसे वाटते. प्रवेशद्वारावर आज पर्यटकांची आणि गाड्यांची नोंद होते, आणि वर्षअखेरीस यश त्या आकड्यांनी मोजले जाते. त्या वहीत मुक्कामाच्या रात्री आणि स्थानिक मार्गदर्शकांना मिळालेले पूर्ण दिवसाचे मानधन असे दोन रकाने जोडावेत. चार गाड्यांतून एक दिवस आलेल्या चोवीस माणसांपेक्षा चार दिवस राहिलेली सहा माणसे गावात जास्त पैसे ठेवून जातात, रस्त्यावर कमी धूळ उडवतात, आणि रानपिंगळा पाहून परतण्याची त्यांची शक्यताही जास्त असते.